न खाल्लेलं शेवाळ

१

बरणी माझ्या टेबलावर आदळली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडून पहिला घास हातात घेतला होता. माझ्या जेवणाच्या आड येणाऱ्याला मी सहसा माफ करत नाही. पण ती बाई पुढे जे बोलली ते ऐकून मी डब्याचं झाकण पुन्हा लावून टाकलं.

"माझ्या वहिनीनं माझ्या आईवर विषप्रयोग केलाय," ती म्हणाली. "हे घ्या विष."

बरणीत पिवळट, थुलथुलीत जेल होतं. लेबलवर लिहिलं होतं : समुद्री शेवाळ, घरी केलेलं, रोज एक चमचा.

मी अन्न निरीक्षक आहे. माझ्याकडे येतात त्या बिस्किटातल्या अळ्या, लोणच्यातले केस आणि मुदत खोडलेली दुधाची पाकिटं. विष पहिल्यांदाच आलं होतं. मनातून मला आनंदच झाला, आता काय लपवायचं.

बाईचा पांढरा कोट अंगावरच होता. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. तिची आई म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हातून छड्या खाऊन मोठी झालेली, त्यामुळे त्यांना सगळेच 'बाई' म्हणतात. तर या बाई गेल्या आठवड्यात घराच्या जिन्यात कोसळल्या. छातीत नुसती धडधड, हात थरथरतायत, अंगावरचे कपडे ढगळ झालेले. इस्पितळात तपासलं तर थायरॉइड बेफाम सुटलेला आणि लघवीत आयोडीन इतकं, की प्रयोगशाळेनं तपासणी पुन्हा केली.

"आयोडीन शेवाळात असतं," फार्मासिस्ट म्हणाली. "आणि शेवाळाचा धंदा वहिनीचा."

"मग सोपं आहे. तुमच्या आईनं जास्त खाल्लं."

"तीच तर गंमत आहे, मॅडम. आईनं त्याला तोंडसुद्धा लावलेलं नाही. ती पहिल्या दिवसापासून या धंद्याची टिंगल करते. मी काय मासा आहे का शेवाळ खायला, असं ती पाहुण्यांसमोर म्हणते. काल शुद्धीवर असताना मी विचारलं. म्हणाली, एक कणही खाल्ला नाही. म्हणजे तिला कुणीतरी नकळत चारलं. उद्या सकाळपर्यंत तुम्ही ते स्वयंपाकघर बंद केलं नाहीत, तर मी पोलिसांत जाणार."

ती गेल्यावर मी इस्पितळात फोन लावला. डॉक्टर कामात होते, पण माझा प्रश्न ऐकून थांबले.

"बाईंच्या गळ्यात जुनी गाठ आहे," ते म्हणाले. "कधी त्रास दिला नाही म्हणून कुणी पाहिली नाही. अशा गाठीला आयोडीनचा मारा मिळाला की ती पेटते. स्कॅनसाठी आयोडीनचं इंजेक्शन दिलं होतं का, तेही तपासलं. दिलेलं नाही."

"जेवणात रोज चमचाभर जेल मिसळलं तर होईल असं?"

"गाठ असली की थोडक्यानंही बिघडू शकतं. पण लघवीतला आकडा बघता हे चमच्याचं काम नाही, मॅडम. हे कुणीतरी बादलीनं ओतलंय."

२

शेवाळाचा कारखाना म्हणजे घराच्या मागची एक खोली. इतकी स्वच्छ, की मला चपला काढाव्याशा वाटल्या आणि मी काढल्याही. भिंतीला लागून वाळक्या शेवाळाचं पोतं, ओट्यावर मोठं स्टीलचं पातेलं, जाळीची चाळण, मिक्सर, उकळून पालथ्या घातलेल्या बरण्या आणि कोपऱ्यात फ्रिज. पोत्यातल्या मालाला समुद्राचा वास होता. हातात घेतला तर गुंतलेल्या दोऱ्यांच्या गुंडाळीसारखा लागला.

सूनबाई पस्तिशीतली, सडसडीत. डोळे कोरडे, आवाज सरळ. ही बाई रडून घेणाऱ्यातली नाही, हे मी ताडलं.

"काय विचारायचं ते विचारा," ती म्हणाली. "फक्त लवकर. मी आज संध्याकाळी बहिणीकडे जातेय. कायमची."

"का?"

"ज्या घरात मी विष घालते असं म्हणतात, तिथं मी पोळ्या कशा लाटू?"

"घरात असं कोण म्हणतं?"

"ताई म्हणाल्या. त्यांचं मला काही नाही, त्यांची आई आहे. पण माझा नवरा समोर उभा होता, आणि तो काहीच बोलला नाही."

तिनं एवढंच सांगितलं आणि ओटा पुसायला लागली. ओटा आधीच पुसलेला होता. मी म्हटलं, जेल कसं करता ते पहिल्यापासून सांगा.

"वाळका माल येतो. वरचं मीठ आणि वाळू जाईपर्यंत दोन-तीनदा धुते. संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजत घालते. पाणी कमीच घालते, माल बुडेल इतपत. रात्रभर फुगतो. सकाळी मी बरण्या पोचवायला बाहेर पडते, परत आले की पाणी निथळून ओतून देते, ताज्या पाण्यात वाटते, बरण्या भरते आणि फ्रिजमध्ये ठेवते."

"आणि हे खाऊन काय होतं? खरं सांगा."

"खरं सांगू? पोट साफ राहतं, त्यात चिकट चोथा असतो. थोडी खनिजं मिळतात. गिऱ्हाईकं म्हणतात गुडघे थांबले, केस आले, चेहरा उजळला. मी म्हणते असेल, मला माहीत नाही. बरणीवर मी तसलं काही लिहीत नाही."

"थायरॉइडवाल्यांनी खाऊ नये, हेही लिहीत नाही."

मी तिला चांगलं झापलं. समुद्र जे जे पितो ते शेवाळ पितं. एका पोत्यात आयोडीन थोडं असेल, दुसऱ्यात भरपूर. शिसं-पारा तपासायला हवा. ज्याला थायरॉइड आहे, ज्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, जी बाई गरोदर आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. तिनं कपाटातून धातूंच्या तपासणीचा कागद काढून दाखवला, तो ठीक होता. आयोडीनची तपासणी तिनं कधी केलीच नव्हती.

"चूक आहे माझी," ती म्हणाली. "पण ती चूक आहे. विष नाही."

मी फ्रिजमधल्या एका बरणीवर सील लावलं आणि प्रयोगशाळेत पाठवायला शिपायाच्या हाती दिली. दारात पोचले, तोच ती मागून म्हणाली, "एक गोष्ट राहिली. ताईंना कळली तर मी संपले. मी एकदा आईंच्या सूपमध्ये जेल घातलं होतं. न सांगता."

३

मी परत आत येऊन खुर्चीत बसले. माझे कान तापले होते.

"कधी?"

"धंदा सुरू केला तेव्हा. म्हटलं, कळणार नाही आणि पोटाला बरं वाटेल. त्यांनी पहिला चमचा घेतला आणि वाटी माझ्यासमोर सिंकमध्ये पालथी केली. म्हणाल्या, गणिताच्या बाईला फसवायचं तर अभ्यास करून यावं."

"पहिल्याच चमच्याला?"

"त्यांची जीभ तशीच आहे. डाळीत हिंग चिमूटभर जास्त पडला तरी सांगतात."

तेवढ्यात तिचा नवरा आला. गोदीत क्रेन चालवतो. उंच, खांदे पाडलेला, बोलण्याची काटकसर करणारा. बायकोकडे न बघता तो माझ्यासमोर बसला. सूपची गोष्ट त्यालाही माहीत होती, आणि त्यानं तिला शब्दाला शब्द दुजोरा दिला.

"मग बहिणीसमोर हे का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, एकदा घातलं म्हणजे रोज घालत असेल."

"आणि न सांगितल्यामुळे तुमच्या बायकोला काय वाटलं?"

काही माणसं टनावारी माल अलगद उचलून ठेवतात आणि एक वाक्य त्यांच्यानं उचलवत नाही. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. तसं न करता मी त्याच्या आईबद्दल विचारलं.

"आई पहाटेच उठते," तो सांगू लागला. "आम्ही दोघं बाहेर पडलो की घरात एकटीच. मध्यंतरी तर तिला पंख फुटले होते. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. कपाटं आवरली, पडदे धुतले. आम्हाला वाटलं, किती छान. मग झोप उडाली, वजन उतरायला लागलं."

"काही औषध, टॉनिक?"

"ताईनं केसांसाठी गोळ्या आणून दिल्या होत्या."

मी ताडकन उठले. बाईंच्या खोलीत टेबलावर बाटली होती. समुद्री वनस्पतीचा अर्क, आयोडीनयुक्त. फार्मासिस्ट लेकीनं स्वतः आणून दिलेली, आणि तीच लेक वहिनीकडे बोट दाखवत फिरत होती. माझं काळीज नाचायला लागलं. मी बाटली उचलली, आणि ते लगेच नाचायचं थांबलं. झाकणाखालचं सील तसंच होतं. एकही गोळी बाहेर आलेली नव्हती.

बाईंच्या खोलीतली कपाटं धुंडाळता धुंडाळता संध्याकाळ झाली, तेव्हा फोन वाजला. प्रयोगशाळेतली मैत्रीण. तिला मी वेठीला धरलं की ती आधी शिव्या देते आणि मग काम करते.

"तुझं जेल तपासलं," ती म्हणाली. "आयोडीन आहे, पण माफक. डॉक्टरांच्या आकड्याला पोचायचं तर म्हातारीला रोज बरणीच्या बरणी संपवावी लागेल."

मी सूनबाईकडे वळले. "बरण्या कमी होतात?"

"एकही नाही. प्रत्येक बरणी मोजून गिऱ्हाइकाला जाते."

जेल नाही. गोळ्या नाहीत. इंजेक्शन नाही. आणि फसवून चारावं तर बाईंची जीभ पहारा देत बसलेली. सगळी दारं बंद झाली होती, तरी आयोडीन आत शिरलं होतं. मी खूश होते. असं कोडं आयुष्यात एकदा मिळतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्या खोलीत हजर झाले. फार्मासिस्टनं दिलेली मुदत संपत आली होती. सूनबाई माझ्याचसाठी थांबली होती. तिचं जाणं मी हात जोडून एक दिवस पुढे ढकललं होतं. शेवटची मागणी पुरी करावी म्हणून तिनं संध्याकाळी माल भिजत घातला होता. पातेल्यावरचं झाकण काढून ती आत बघत राहिली.

"हा मालही विचित्रच," ती पुटपुटली.

"काय झालं?"

"काही नाही हो. महिनाभर हा माल फार पाणी पीत होता. सकाळी परत येऊन बघावं तर पातेल्यात पाणी खाली गेलेलं. मी माल पाठवणाऱ्याशी भांडले, म्हटलं वेगळ्या जातीचा माल दिलास. आणि आता गेला आठवडाभर बघा, पाणी मालाच्या वर तसंच. प्यायचा थांबला."

माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन बसलं.

"पोतं बदललंत?"

"नाही, त्याच पोत्यातला आहे."

"जेव्हा पाणी पीत होता तेव्हा जेल जास्त निघायचं?"

"जास्त कुठलं? तेवढंच. म्हणून तर मी वैतागले होते."

"सूनबाई," मी म्हटलं, आणि माझा आवाज चिरकला, मला तो आवरता आला नाही. "शेवाळानं ते जास्तीचं पाणी प्यायलं असतं तर ते आणखी फुगलं असतं, जेल वाढलं असतं. ते वाढलं नाही. म्हणजे ते पाणी शेवाळात गेलंच नाही. आणि गेल्या आठवड्यात या घरात कोणता फरक पडला?"

तिच्या हातातलं झाकण हळूहळू खाली आलं.

"आई इस्पितळात गेल्या," ती म्हणाली.

मी पातेल्यातलं पाणी बाटलीत भरलं आणि शिपायाला अक्षरशः पिटाळलं. मग फार्मासिस्टला फोन करून सांगितलं, पोलिसांत जायच्या आधी इस्पितळात या, उशीर केलात तर आयुष्यभर हळहळाल. तिच्या भावाला गोदीतून बोलावून घेतलं. दुपारी इस्पितळाचा जिना चढत असताना मैत्रिणीचा फोन आला. या वेळी तिनं शिव्या दिल्या नाहीत.

"हे कुठलं पाणी आणलंस?" ती म्हणाली. "जेलमध्ये नाही ते सगळं आयोडीन इथं येऊन बसलंय."

५

बाईंना भेटू द्यायला डॉक्टरांनी आधी नकारच दिला. बाईंच्या मनावर ताण नको, म्हणून घरातला तमाशा त्यांच्या कानावर जाऊ दिला नव्हता. मी विनवण्या केल्या. गोळ्यांनी नाडी आता ताळ्यावर आली होती, म्हणून शेवटी ते तयार झाले, पण स्वतः उशाशी उभे राहिले. लेक एका बाजूला, मुलगा खिडकीशी आणि सूनबाई दाराजवळ. ती आत यायला तयार नव्हती.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. हाडकुळ्या, ताठ, चष्म्यातून वर्गावर नजर फिरवावी तशी आमच्यावर नजर फिरवत.

"तुम्ही कोण?" त्यांनी मला विचारलं.

"मी एक गणित सोडवलंय, बाई. तपासून द्या."

त्यांनी भुवई उंचावली. मी सुरुवात केली.

"तुमच्या शरीरात आयोडीन आलं. लेकीनं दिलेली गोळ्यांची बाटली उघडलेलीच नाही, म्हणून त्या वजा. जेलची एकही बरणी घरात कमी झालेली नाही, आणि चोरून कालवलेलं जेल तुमची जीभ पहिल्याच चमच्याला पकडते. म्हणून जेल वजा, आणि फसवणूकही वजा. तुम्हाला नकळत कुणी काही देऊच शकत नाही. म्हणजे जे गेलं ते तुम्ही जाणूनबुजून, स्वतःच्या हातानं घेतलंत. ते जेलपेक्षा कितीतरी तीव्र होतं, आणि ते कमी झालं तरी घरात कुणी बोंब मारणार नव्हतं. त्या घरात अशी एकच वस्तू आहे, जी रोज ओतूनच द्यायची असते. चोरीला गेलेली गोष्ट फेकायचीच होती, म्हणून चोरी कुणाला कळली नाही."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. बाईंनी चष्मा काढून पांघरुणाला पुसला.

"आई," लेक म्हणाली, "तू ते भिजवलेलं पाणी प्यायचीस?"

"मग काय मोरीत जाऊ द्यायचं?" बाई चिडून म्हणाल्या. "काहीही भिजवलं की सत्त्व पाण्यात उतरतं. माझ्या आईनं कधी मनुकांचं पाणी फेकलं नाही. ही पोरगी रोज पातेलंभर सत्त्व ओतून देते, ते मला बघवेना. एकदा चाखलं. मग रोज पेलाभर घ्यायला लागले, कधी दोन पेले. इतकं बरं वाटत होतं. जिना चढताना दम लागत नव्हता."

"बाई, तो आजारच होता," डॉक्टर म्हणाले. "गाठ पेटली होती, तिनं तुम्हाला पळवलं. गिऱ्हाईकं एकेक चमचा खातात, तुम्ही अख्ख्या पातेल्याचा अर्क प्यायलात."

"पण परवा मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस," लेक म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की उत्तर माहीत असूनही मीच ओशाळले.

"अख्ख्या गावासमोर मी हिच्या शेवाळाची टर उडवली," त्या म्हणाल्या. "आता कुठल्या तोंडानं सांगू, की मी तेच चोरून पिते? म्हटलं, एवढ्या खोट्यानं कुणाचं काय बिघडणार आहे."

"बिघडलंय," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "तुमच्या सुनेनं तुम्हाला विष घातलं असा आळ आलाय. ती घर सोडून निघालीय."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी चटकन मनगट धरलं. बाईंनी ते सोडवून घेतलं.

"कोण म्हणालं असं?"

लेक रडायला लागली. "मी. आई, मी म्हणाले."

"तू घाबरली होतीस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "आणि तू? तू काय म्हणालास तेव्हा?"

मुलगा खिडकीची कड धरून उभा होता. वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलाकडे पाहावं तसं बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि मग त्यांनी सुनेला हाक मारली.

"इकडे ये."

सूनबाई पलंगापाशी आली. हाताची घडी तिनं सोडली नव्हती.

"मी चोरी केली, आणि भोगलंस तू," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं."

सूनबाईनं विचारलं, "चव कशी होती?"

"भयंकर. खारट, वर मासळीबाजाराचा वास."

"तरी रोज प्यायलात?"

"तू इतक्या कष्टानं करतेस. वाया जाताना बघवत नव्हतं."

दोन दिवसांत पहिल्यांदा सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते मनगटानं पुसलं, बाईंच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि लेकीला म्हणाली, "ताई, तुम्ही आज आईंजवळ थांबा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, सूचना लिहून आयोडीनची तपासणी होईपर्यंत ती एकही बरणी विकणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मग त्या खोलीला लावायला आणलेलं कुलूप माझ्याच पिशवीत राहू दे.

ती दाराकडे निघाली. नवरा तिच्या मागे गेला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर अडखळला.

"मी घरी येतेय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "पण वाटेत तू बोलायचंस, मी ऐकणार. आणि गोल गोल बोललास, तर मी मधेच उतरून बहिणीकडे जाईन."

मी त्यांच्या मागून बाहेर पडले. चोरून ऐकणं मला शोभत नाही, पण सवय जुनी आहे. लांबलचक पॅसेजमध्ये माणसांची वर्दळ होती, स्ट्रेचर जात होतं, कुणाचं तरी बाळ रडत होतं. त्यानं घराची वाट पाहिली नाही. लिफ्टसमोरच, सगळ्यांच्या देखत, तो बोलायला लागला.